माका वायच विचार करूचो हा

अन्याय विनयवर झाला. विनय माझा सख्खा मोठा भाऊ. गेल्या वर्षी शिमग्याच्या आधीच्या रविवारी, वाशीच्या एका हॉलमध्ये, पूजा आटोपल्यावर आणि पानं मांडायच्या आधी. करणारे परके नव्हते. आमच्याच वाडीतून नवी मुंबईत आलेली माणसं होती, त्यातल्या निम्म्यांना मी काका म्हणत आले. आणि शिक्षा भोगतेय ती त्या दिवशी हॉलमध्ये नसलेली बाई. आमची आई.

कारखान्यांच्या गेटवर पत्रकं वाटून माझा हात असाच वळलाय. कोणावर, कधी, कुठे हे आधी. रडायचं नंतर. हे मी दोन ठिकाणच्या लोकांसाठी लिहितेय: जे वाडीत राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे वाशी, कोपरखैरणे, खारघरला येऊन बसले त्यांच्यासाठी. बाकीच्यांनीही वाचा. तुमच्याकडेही असं काहीतरी असणारच, फक्त नाव वेगळं असेल.

दादा गाव सोडून निघाला ती सकाळ मला लख्ख आठवते. मी नववीत होते. आमच्याकडची रीत अशी की गाव सोडणारा मुलगा आधी देवळात जातो. देवासमोर नारळ ठेवतात आणि मानकरी गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्यांच्या वतीनं एकानं देवाशी बोलायचं. तो एकेक मागणं मोठ्यानं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले पुरुष एका आवाजात साथ देतात. त्या दिवशी अण्णा गावी आलेले होते. मानकऱ्यांच्या घरातले, वाशीत फ्लॅट घेऊन स्थायिक झालेले, नवी मुंबईतल्या आमच्या वाडीकरांच्या मंडळाचे अध्यक्ष. आवाज असा की माइकची गरज नाही, तरी शहरात ते माइक घेतातच.

"देवा म्हाराजा, ह्यो आमचो झील पोटापाण्यासाठी मुंबयक चललो हा. तेच्या वाटेर काय आडनड इली तर ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि वाकडो गेलो तर सरळ वाटेर आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज दादाचा होता. स्वतःच्याच वाकडं जाण्याबद्दल तो हसत हसत होकार देत होता. आई पायरीखाली उभी होती, मी तिच्या बाजूला. आम्ही दोघी गप्प. बायकांनी गप्पच राहायचं असतं. आमचं 'होय' कोणी कधी मागितलंच नाही, त्यामुळे ते न देण्याचा प्रश्नही आला नाही. एसटीत चढताना आई त्याला एवढंच म्हणाली, "जेवलंस काय ता रोज सांग. बाकी काय सांगूक नको."

पोराची सोय मी लावतो, असं अण्णा आईला म्हणाले होते, आणि त्यांनी शब्द पाळला. पावण्यात, म्हणजे नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीत, मंडळानं भाड्यानं घेतलेली एक खोली आहे, दोन्ही बाजूंना कारखाने, मध्ये जुनं गाव. वाडीतून येणाऱ्या पोरानं पहिली पथारी तिथेच टाकायची. अण्णांनी दादाला तिथे जागा दिली आणि जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये चिकटवला. अण्णा वाईट माणूस नाहीत. हे लिहिताना मला राग येतो, कारण वाईट असते तर काम सोपं झालं असतं.

दादानं काम सांभाळून कॉलेज धरलं आणि विषय घेतला तत्त्वज्ञान. खोलीत हशा पिकला. बाबल्या, म्हणजे आमच्या शेजारच्या घरातला, दादाच्या बरोबरीनं वाढलेला, त्यानं विचारलं, "पगार किती मेल्या तत्त्वज्ञानाक?"

"पगार नाय. टेन्शन मात्र फुकट."

"मगे माका पण अर्धा किलो दी."

बारावी झाल्यावर मी खारघरला आले, पीजीत राहिले, कॉलेजपेक्षा जास्त वेळ पावण्याच्या गेटांवर काढू लागले, कंत्राटी कामगार बायकांच्या प्रश्नांवर. रविवारी आम्ही दोघं वाशी स्टेशनबाहेर भेटायचो. मी त्याला पत्रकाचा मसुदा दाखवायची आणि तो मला त्याच्या डोक्यात काय चाललंय ते सांगायचा. एकदा म्हणाला, "दगड पडतो, पण आपण पडतोय हे त्याला कळत नाही. माणूस पडता पडता स्वतःला पडताना बघू शकतो. एवढाच फरक आहे, आणि सगळं त्या फरकात आहे." दुसऱ्या एका रविवारी त्यानं कुठल्याशा फार जुन्या ग्रीक माणसाचं म्हणणं सांगितलं. जगातले सगळे कण पोकळीतून सरळ खाली पडत असतात, पाठोपाठ, एकमेकांना न शिवता. कधीतरी एखादा केसभर तिरका होतो. का, ते सांगता येत नाही. पण तो तिरका झाला म्हणून दुसऱ्यावर आदळतो, आणि तिथून जग सुरू होतं.

"म्हणजे जग एका वाकड्या गेलेल्यानं सुरू झालं?" मी विचारलं.

"अण्णांना सांगू नको," तो म्हणाला.

आम्ही खूप हसलो.

शिमग्याआधीच्या त्या रविवारी, मंडळाच्या पूजेला, हॉलमध्ये मी बायकांच्या बाजूला बसले होते. पूजा झाली, प्रसाद झाला, अण्णांनी माइक घेतला. नेहमीची मागणी झाली: पोराबाळांना सुखी ठेव, आजारपण दूर कर. मग दर वर्षी येतं ते आलं. "आणि जो कोण गावाच्या शब्दाभायर जायत, तेका वाटेर आण रे म्हाराजा!" हॉल गरजला. फक्त दादाच्या बाजूला बसलेल्या बाबल्याच्या कानाला काहीतरी कमी पडलं. तो गमतीत म्हणाला, गमतीतच, पण माइकजवळ: "विन्या, आवाज नाय इलो तुझो."

पुढे काय झालं ते नीट ऐका. अण्णांनीही ते गमतीतच घेतलं. त्यांनी तेच मागणं परत म्हटलं, एकट्या दादाकडे बघून, आणि थांबले. सगळा हॉल थांबला. आजवर कोणी त्या जागी थांबलेलं नाही, कारण ते उत्तर नसतंच, ती साथ असते. आणि माझा भाऊ, तत्त्वज्ञान शिकलेला गाढव, तो प्रश्न समजून बसला. उभा राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "अण्णानू, माका वायच विचार करूचो हा." म्हणजे, मला जरा विचार करायचाय.

लोक हसले. मग अण्णा हसत नाहीत हे दिसलं आणि हसू एकेका खुर्चीवरून विझत गेलं.

"कर मगे विचार," अण्णा म्हणाले. "तुझो विचार होयसर गाव तुझ्याशी बोलाचो नाय. तुझ्या घराशी पण नाय." मग त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला आणि विचार होईपर्यंत ह्या घराशी बोलणं बंद, हेच देवाला सांगितलं. आणि हॉल म्हणाला, "व्हय म्हाराजा."

संध्याकाळी खोलीबाहेर दादाची बॅग होती. नीट भरलेली, कपड्यांच्या घड्या घातलेल्या. मला वाटतं त्या बाबल्यानंच घातल्या असणार. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून दादा गेला, मग मी गेले. आई ग्रुपवर नव्हती. तिला दुसऱ्या दिवशी शेजारणीनं हाकेला ओ दिली नाही तेव्हा कळलं.

पहिले काही आठवडे दादा उडत होता. खरंच सांगते. पावण्यातच कोणाच्या तरी खोलीत त्यानं पथारी टाकली आणि कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहिला. मला वाचून दाखवला. त्यात होतं: मी तोंड उघडलं आणि मला दिसलं की मी तोंड उघडतोय. इतकी वर्षं 'होय' म्हणणारा मी नव्हतो, माझा गळा होता. ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही त्याचं 'होय' म्हणजे नुसता ध्वनी. आणि ज्या क्षणी माणूस स्वतःला असं पकडतो त्या क्षणी तो मोकळा होतो. मग बाहेर कोणी काहीही करो, आतल्या त्या जागेला कोणाचा हात लागत नाही.

मी भडकले. "आत मोकळा आहेस ना? मग त्या आतून आईशी दोन शब्द बोलायला कोणाला तरी पाठव."

"तू प्रत्येक गोष्टीचं पत्रक करतेस."

"आणि तू प्रत्येक गोष्टीचा लेख करतोस. आई मध्ये एकटी बसलीय."

तो चिडला नाही. लेख दुमडून खिशात ठेवला. भित्तिपत्रकावर तो लागला, आणि चार पोरांनी फोटो काढून त्याला छान म्हटलं.

लोक मला म्हणतात, आईला इथे आणा, सुटला प्रश्न. आणली होती. खारघरला माझ्या मैत्रिणीचा फ्लॅट महिनाभर रिकामा होता, बाराव्या मजल्यावर. आई रोज सकाळी दार उघडं ठेवून उंबऱ्याशी बसायची. समोरचे लिफ्टसाठी उभे राहायचे, मोबाईल बघत. ही हसायची. ते लिफ्टमध्ये जायचे. आठवड्यानं मला म्हणाली, "हंय पण कोण बोलत नाय गो."

"इथे कोणीच कोणाशी बोलत नाही आई. तुझ्यावर राग नाहीये कोणाचा."

"म्हणानच म्हणतंय, माका गावाक सोड. थंय निदान मुद्दाम बोलनत नाय."

तिचं म्हणणं मला तेव्हा विनोदी वाटलं. आता वाटत नाही. गावात तिच्याशी न बोलणाऱ्याला रोज आठवणीनं गप्प बसावं लागतं. म्हणजे तो रोज तिला बघतो. खारघरच्या त्या मजल्यावर ती कोणाला दिसतच नव्हती.

मग गणपती आले. आम्ही दोघं गेलो. आमच्याकडे भजनाची मंडळी घराघरातून फिरतात, प्रत्येक घरी आरती, मग चहा, उसळ, पुढचं घर. आईनं सगळ्यांना पुरेल एवढ्या काळ्या वाटाण्यांची उसळ केली होती. मी म्हटलं, आई, ते येणार नाहीत. ती म्हणाली, "देवाच्या कामाक येतले." बाबल्याच्या घरातली आरती आम्ही ओटीवर उभं राहून ऐकली, झांजा, टाळ्या, सगळं. मग झांजा आमच्या अंगणाच्या कडेला आल्या. आणि थांबल्या. वाजवायच्या थांबल्या, चालणारे थांबले नाहीत. आमच्या अंगणापुरते ते सगळे झांजा छातीशी धरून, आवाज न करता चालत गेले. आमचं अंगण संपलं आणि पुढच्या घरापाशी परत वाजवू लागले.

आईनं आरती सुरू केली. एकटीनं. दादानं झांज घेतली, मी टाळ्या वाजवल्या. तीन माणसांची आरती फार लवकर संपते. रात्री आवरताना ती म्हणाली, "माका आता माझोच आवाज ऐकाक येता. आधी नाय येय."

दादा तिथेच बसला होता. त्याचा चेहरा मी पाहिला. हेच त्यानं लेखात वेगळ्या शब्दांत लिहिलं होतं, आनंदानं, स्वातंत्र्याचं पहिलं लक्षण म्हणून. आईच्या तोंडून ते बाहेर पडलं तेव्हा ती शिक्षा होती. त्यानंतर त्यानं एक ओळ लिहिलेली नाही.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पोलिसांत गेले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्यात कायदा आहे, मला तोंडपाठ आहे. समोरच्या साहेबांनी ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मारलं?"

"नाही."

"पाणी तोडलं? रस्ता अडवला?"

"नाही. बोलत नाहीत."

"मॅडम, माझी बायको पण माझ्याशी बोलत नाही." मग माझं तोंड बघून ते सरळ झाले. "साक्षीदार आणा. वाडीतला एक माणूस येऊन सांगू दे, आम्हाला बोलायला बंदी आहे म्हणून. एक आणा, मी पुढचं बघतो."

एक. त्या एकासाठी मी तेव्हापासून फोन लावतेय. तुमच्यातल्या कितीतरी जणांना लावलाय. काहींनी उचलून ऐकलं आणि काही न बोलता ठेवला. श्वास ऐकू येत होता मला तुमचा.

थंडीच्या दिवसांतली गोष्ट. मी आणि दादा पावण्याच्या नाक्यावर चहा पीत होतो. बाबल्या आला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि चहावाल्याला म्हणाला, "भैया, ये बाजूवाले को बोलो, उसकी माँ को बुखार है. दो दिन से दरवाजा नहीं खोला."

चहावाला चक्रावला. "अरे, वो तेरे बाजू में ही खड़ा है. खुद बोल ना."

"मैं नहीं बोल सकता."

"क्यों? गूँगा है क्या?"

बाबल्या चहा न घेताच निघून गेला. दादा त्याच पावली गावाला गेला. आई बरी झाली, साध्या तापानं कोणी मरत नाही. पण दार दोन दिवस बंद आहे हे अख्ख्या वाडीला दिसत होतं आणि पावण्यात उभा असलेला एक माणूस चहावाल्याला सांगत होता, हे मी विसरू शकत नाही. वाडीत राहिलेल्यांनो, तुम्ही ते दार रोज बघता. तुम्ही ठोठावायचं ना!

तापातून उठल्यावर आई दादाला म्हणाली, "म्हणान टाक रे झिला. दोनच शब्द तर आसत."

तिला दोष देणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. दोनच शब्द आहेत, खरंय. दादानं अण्णांना निरोप धाडला. उलट निरोप आला: येत्या रविवारी, यंदाच्या पूजेला, त्याच हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, गाऱ्हाण्याला एकट्यानं साथ द्यायची. मग गाव बोलेल.

परवा तो मला भेटायला आला. म्हणाला, "मी चुकलो होतो. मला वाटलं, आपण आहोत हे कळायला आपण एकटे पुरतो. पुरत नाही गो. कोणीतरी हाक मारावी लागते. कोणी हाकच मारली नाही तर आतला तो मोकळा माणूस भिंतीशी बोलत बसतो."

"म्हणून जाऊन मान खाली घालणार?"

"आईला हाक ऐकू येऊ दे. माझं काय ते मी नंतर बघेन."

"आणि विचार? तो झाला तुझा करून?"

"मी तेव्हा खोटं नव्हतो बोललो. मला खरंच विचार करायचा होता. अजून झालेला नाही. रविवारी मी झाला म्हणून सांगणार, एवढंच." मग उठला आणि पावण्याची बस पकडली. जाताना वळून बघायची त्याची सवय होती. वळला नाही. माझा भाऊ गेल्या वर्षी वाकडा गेला तेव्हा मला त्याची काळजी वाटली नव्हती. आता तो सरळ वाटेवर यायला निघालाय आणि मला झोप लागत नाही.

गाव म्हणजे काय हे मला कोणी विचारलं असतं तर पूर्वी मी नदी, देऊळ, आमचं घर सांगितलं असतं. ते सगळं जागेवर आहे. मी गणपतीत बघून आले. नाहीसं झालं ते एवढंच: एसटीतून उतरल्यावर फाट्यापासून घरापर्यंत प्रत्येक दारातून येणारं "कधी इलंस?" आम्ही त्याला कंटाळायचो. दहा दारं, दहा वेळा तेच उत्तर. आता मला कळतंय की घर म्हणजे तेवढंच होतं. खारघरला मी कितीही वर्षं काढली तरी मी कधी आले हे तिथे मला कोणी विचारणार नाही, आणि गावात विचारायला बंदी आहे. मग माझं घर कुठे आहे, सांगा.

तर आता मागणं. देवाकडे नाही, तुमच्याकडे.

रविवारी तुम्ही हॉलमध्ये असणार. अण्णा माइक घेतील, गाऱ्हाणं म्हणतील आणि विनयकडे बघून थांबतील. हॉल शांत होईल. तो तोंड उघडायच्या आधी क्षण दोन क्षण जातील, मी त्याला ओळखते. मला तुमची घोषणा नको, अण्णांशी भांडण नको, माझ्या बाजूनं 'होय'सुद्धा नको. त्या शांततेत तुमच्यातल्या एकानं, बाबल्या, तू असलास तरी चालेल, खुर्चीतून उठायचं आणि जे आयुष्यभर प्रत्येकाला विचारत आलात ते मोठ्यानं विचारायचं:

"काय रे विनय, कधी इलंस?"